सारखे अंक, मूळ संख्या आणि तुमची स्वतःची क्रमिका: नवख्यांसाठी पायरीपायरीने

सोलापुरात नवी गाडी घेणारे कितीतरी जण पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे भरतात. ११११, ७७७७, ९९९९ यांना भाव जास्त. गणिताच्या बाजूने पाहिलं तर हे नंबर तसे साधेच आहेत. चार सारख्या अंकांची कुठलीही संख्या ११ ने आणि १०१ ने भागली जाते, त्यामुळे त्यांतली एकही मूळ संख्या नाही. पण आपल्या एमएच-१३ मधले १३ त्यांच्या आधी लावा, मधली अक्षरं गाळा, आणि मग बघा. १३११११ मूळ संख्या आहे. १३७७७७ आणि १३९९९९ याही मूळ संख्या आहेत. १३३३३३ मात्र नाही, ती १५१ × ८८३ आहे.

हे वाचून "मग १२ लावले तर? १४ लावले तर?" असं तुमच्या मनात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा प्रश्नांच्या उत्तरांची रांग म्हणजे क्रमिका. जगभरातल्या अशा क्रमिकांची नोंद एका ठिकाणी होते: ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस, म्हणजे ओईआयएस. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना कार्डांवर क्रमिका जमवायला सुरुवात केली. १९९६ मध्ये हा संग्रह इंटरनेटवर आला आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त नोंदी आहेत. कुणीही नोंद पाठवू शकतं. मी या वाटेने गेलो आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही नेतो. दरवेळी अडखळायच्या जागा त्याच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

काय काय लागेल

- एक चौरेघी किंवा साधी वही. पहिली पदं हातानेच काढायची आहेत.
- संगणक किंवा बऱ्यापैकी मोबाइल.
- पारी/जीपी हे मोफत सॉफ्टवेअर, किंवा पायथॉन आणि त्यासोबत सिम्पाय हे त्याचं गणिताचं पॅकेज. पारी/जीपी ब्राउझरमध्येही चालतं, त्यामुळे सायबर कॅफेतही काम भागतं.
- स्वतःचा ईमेल. ओईआयएसवर खातं खऱ्या नावाने उघडावं लागतं, टोपणनाव चालत नाही.
- नोंद इंग्रजीत लिहावी लागते, पण चार सरळ वाक्यांपुरतं इंग्रजी पुरतं.

फी लागत नाही. पदवीही कुणी विचारत नाही.

१. आधी रेपडिजिट नीट ओळखा

एकच अंक पुन्हा पुन्हा येऊन झालेली संख्या म्हणजे रेपडिजिट: ७, ४४, ५५५. त्यातही नुसत्या १ ची बनलेली ती रेपयुनिट: १, ११, १११. प्रत्येक रेपडिजिट म्हणजे एक अंक गुणिले रेपयुनिट. ७७७ म्हणजे ७ × १११. म्हणूनच एकाहून जास्त अंकांचा रेपडिजिट मूळ संख्या असायला हवा असेल, तर तो रेपयुनिटच असावा लागतो.

पुढचा नियमही वहीत लिहून ठेवा. १ जितक्या वेळा लिहिला ती संख्या संयुक्त असेल तर रेपयुनिटही संयुक्त असतो. सहा वेळा १ घ्या: ११११११ = १११ × १००१. दोनाचे किंवा तिनाचे गट पाडता आले की अवयव पडलेच. उलट बाजू मात्र खरी नाही. ३, ५ आणि ७ या मूळ संख्या असल्या तरी

१११ = ३ × ३७
१११११ = ४१ × २७१
१११११११ = २३९ × ४६४९

सतरा १ लिहिले तर २०७१७२३ × ५३६३२२२३५७ होतात, जे हाताने कुणाला सापडणार नाही. मूळ रेपयुनिट फार विरळ असतात. १ ची संख्या २, १९, २३, ३१७, १०३१ असताना ते मिळतात, आणि त्यानंतर थेट ४९०८१ ला.

म्हणजे "जे रेपडिजिट मूळ संख्या आहेत" ही क्रमिका २, ३, ५, ७, ११ अशी सुरू होते आणि लगेच एकोणीस अंकी संख्येवर उडी मारते. नवख्या माणसाला पहिल्यांदा हीच सुचते. ती केव्हाच नोंदलेली आहे, तेव्हा दुसरं काही शोधा.

२. प्रश्न निवडा, पण "चारच का?" याचं उत्तर असलेला

रेपडिजिट स्वतः मूळ नसले तरी त्यांचं मूळ संख्यांशी नातं अनेक तऱ्हांनी जोडता येतं. शेजार बघा, बेरीज बघा, भागाकार बघा, किंवा अंक शेवटी चिकटवून बघा.

शेजाराचं उदाहरण. प्रत्येक रेपडिजिटनंतरची पहिली मूळ संख्या किती अंतरावर आहे?

१११ → ११३, अंतर २
२२२ → २२३, अंतर १
३३३ → ३३७, अंतर ४
४४४ → ४४९, अंतर ५
५५५ → ५५७, अंतर २
६६६ → ६७३, अंतर ७
७७७ → ७८७, अंतर १०
८८८ → ९०७, अंतर १९
९९९ → १००९, अंतर १०

८८८ कडे बघा. ८८७ मूळ आहे आणि त्यानंतर थेट ९०७. सुरुवातीपासून मोजत आलात तर लगतच्या दोन मूळ संख्यांमध्ये २० चं अंतर पहिल्यांदा इथेच पडतं, आणि ८८८ त्या खड्ड्याच्या अगदी काठाशी उभा आहे. प्रत्येक अंतरामागे असं कारण नसतं. ६६६ चं ७ हे नुसतंच ७ आहे.

बेरजेचं उदाहरण. मूळ संख्या ओळीने मिळवत जा: २, ५, १०, १७, २८, ४१, ५८, ७७. पहिल्या आठ मूळ संख्यांची बेरीज ७७! मोह होतो. पण पुढे हजारापर्यंत एकही रेपडिजिट लागत नाही. म्हणजे हाती आली २, ५, ७७ एवढी तीनच पदं. ओईआयएसला किमान चार लागतात, आणि चारही अपुरीच वाटतात. बेरजांच्या वाटेने जायचं असेल तर आधी पदं किती मिळतील याचा अंदाज घ्या. (पहिल्या सात मूळ संख्यांच्या वर्गांची बेरीज ६६६ येते. पेढे वाटण्याइतकी गंमत आहे, पण एका पदाची क्रमिका होत नाही.)

वर दिलेला गाडीच्या नंबराचा प्रश्न मात्र ओईआयएसला पाठवू नका. "चारच अंक का?" असं संपादक विचारणार, आणि "आरटीओत चार असतात" हे उत्तर तिथे चालणार नाही. मनाने ठरवलेला आकडा व्याख्येत शिरला की क्रमिका लंगडी होते. तो आकडा काढून टाका. "चार" ऐवजी "कितीही, पण कमीत कमी किती" असं विचारा. लगेच चांगला प्रश्न तयार होतो:

*न या संख्येच्या शेवटी कमीत कमी किती १ लिहिले की मूळ संख्या मिळते? (निदान एक तरी १ लिहायचाच.)*

पुढचा सगळा लेख याच प्रश्नावर चालवतो. हाही आधीच नोंदलेला आहे, पण शिकायला याच्याइतका चांगला दुसरा नाही.

३. पहिली दहा-बारा पदं हातानेच

संगणक उघडू नका. वहीत लिहा.

१ → ११, म्हणून १
२ → २१ नाही, २११ आहे, म्हणून २
३ → ३१, म्हणून १
४ → ४१, म्हणून १
५ → ५१ = ३ × १७; ५११ = ७ × ७३; ५१११ = १९ × २६९; ५११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ३ ने भाग जातो; ५१११११ मूळ. म्हणून ५
६ → ६१, म्हणून १
७ → ७१, म्हणून १
८ → ८१ नाही, ८११ आहे, म्हणून २
९ → ९१ = ७ × १३, पण ९११ आहे, म्हणून २
१० → १०१, म्हणून १

५१११११ मूळ आहे हे हाताने ठरवायचं तर ७०९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. एकदा करून बघायला हरकत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात घराबाहेर पडवत नाही, तेव्हा हेच करावं.

आता ११. शेवटी १ लावत गेलं तरी रेपयुनिटच राहतो, आणि ११ नंतरचा पहिला मूळ रेपयुनिट एकोणीस १ चा. म्हणून पद १७. एक, दोन, पाच अशी रांग चालली असताना मध्येच सतरा येतं. ओळीतलं पुढचं पद, म्हणजे १२ चं, आहे १३६. १२ पुढे एकशे छत्तीस वेळा १ लिहिल्यावर पहिली मूळ संख्या मिळते. १३ ला परत एकाच १ मध्ये काम होतं: १३१.

हातानेच सुरुवात करा असं मी सांगतो ते यासाठीच. संगणकाने १, २, १, १, ५, १, १, २, २, १, १७, १३६, १ अशी ओळ एका क्षणात छापली असती, आणि १७ च्या जागी थांबून "का?" असं तुम्ही विचारलं नसतं.

४. बाकीचं चक्र समजून घ्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक जण हीच गाळतात.

एखाद्या संख्येच्या शेवटी १ लिहिणं म्हणजे तिला दहाने गुणून एक मिळवणं. मग कुठल्याही मूळ संख्येने भागल्यावर उरणारी बाकीही तशीच बदलते: जुनी बाकी गुणिले दहा, अधिक एक. बाक्या मोजक्याच असतात, त्यामुळे त्या फिरून परत येतात. किती घरांनी? त्या मूळ संख्येने भागला जाणारा पहिला रेपयुनिट जितका लांब, तितक्या घरांनी.

३ साठी ३ घरं (१११)
७ साठी ६ घरं (११११११)
११ साठी २ घरं (११)
१३ साठी ६ घरं (११११११)
३७ साठी ३ घरं (१११)

हेच आकडे तुम्ही शाळेत आवर्ती दशांश अपूर्णांकांत पाहिलेत. १/७ = ०.१४२८५७१४२८५७… इथे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. १/११ मध्ये दोन, १/१३ मध्ये सहा, १/३७ मध्ये तीन. फक्त ३ ला जमत नाही: १/३ मध्ये एकच अंक फिरतो, पण ३ ने भागला जाणारा पहिला रेपयुनिट १११ आहे. कारण रेपयुनिट म्हणजे ९९…९ भागिले ९, आणि त्या ९ मध्येच ३ दडलेला आहे. २ आणि ५ बाहेर, कारण १ ने संपणाऱ्या संख्येला ते भागतच नाहीत. बाकी प्रत्येक मूळ संख्येला तिच्या आवर्तनाइतक्या लांबीचा एक रेपयुनिट मिळतोच. १/पी च्या आवर्तनाची लांबी सांगणारी क्रमिका ओईआयएसवर ए००२३७१ या क्रमांकाने आहे. रेपडिजिट आणि मूळ संख्या यांना जोडणारी माझ्या मते हीच सर्वांत सुंदर क्रमिका.

आता हे ज्ञान १२ वर चालवा. १२१ ला ११ ने भाग जातो. ११ चं चक्र दोन घरांचं, म्हणून १ ची संख्या विषम असेल तर दरवेळी ११ ने भाग जाणार. अंकांची बेरीज ३ अधिक १ ची संख्या, म्हणून ती संख्या ३ च्या पटीत असेल तर ३ ने भाग जाणार. तीनातल्या दोन शक्यता अशाच कटल्या. १३६ इतका लांब का, याचं थोडं उत्तर इथे मिळतं.

आणि मग येतो ३७. "सर, प्रोग्राम अडकला" असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यातल्या बहुतेकांचा प्रोग्राम इथेच फिरत बसलेला असतो. ३७ पुढे १ लिहीत जा:

३७१ = ७ × ५३. सहाचं चक्र, म्हणून १, ७, १३, … वेळा १ लिहिले की ७ ने भाग जातो.
३७११ च्या अंकांची बेरीज १२. म्हणून २, ५, ८, ११, … वेळा लिहिले की ३ ने भाग जातो.
३७१११ = ३७ × १००३. म्हणून ३, ६, ९, १२, … वेळा लिहिले की ३७ ने भाग जातो.
३७११११ = १३ × २८५४७. म्हणून ४, १०, १६, … वेळा लिहिले की १३ ने भाग जातो.

१ ते ६ या सहा घरांपैकी एकही रिकामं राहिलं नाही. आणि पुढे सगळं तेच फिरतं. म्हणजे ३७ पुढे कितीही १ लिहा, मूळ संख्या कधीच मिळणार नाही. चार ओळींत एका अनंत शोधाचा निकाल लागला. संगणकाला हा निकाल वर्षभर चालवूनही लागला नसता.

३८ त्याहून मजेशीर. ३८१ = ३ × १२७, आणि ३८११ = ३७ × १०३. या दोघांची चक्रं तीन-तीन घरांची, म्हणून तीनांतली दोन घरं भरली. उरलं तिसरं, म्हणजे ३, ६, ९ वेळा १. तिथे कुठलीही ठरावीक मूळ संख्या कामाला येत नाही. ३८१११ = २३ × १६५७, तर ३८११११११ = २३३ × १६३५६७. अवयव दरवेळी वेगळे. पण २३, २३३ ही ओळ बघून डोळे चमकायला हवेत. ३८१११ ला ९ ने गुणा: ३४२९९९. ती ७० चा घन वजा १ आहे! ३८११११११ ला ९ ने गुणलं तर ७०० चा घन वजा १. आठवी-नववीतलं घनांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की अवयव आपोआप पडतात: ७० वजा १ म्हणजे ६९, त्याला ३ ने भागलं की २३, ७०० वजा १ म्हणजे ६९९, त्याला ३ ने भागलं की २३३. म्हणून ३८ लाही उत्तर नाही, पण कारण वेगळं.

तुमच्या क्रमिकेत असं पद आलं की तिथे काय लिहायचं हे आधीच ठरवा. प्रघात असा की व्याख्येतच "अशी संख्या नसेल तर वजा एक" असं लिहायचं. सिद्धतेशिवाय वजा एक लिहायचं नाही. "मी दहा हजारापर्यंत पाहिलं, सापडलं नाही" ही सिद्धता नव्हे.

५. आता संगणक उघडा, पण एक्सेल नको

एक्सेल पंधरा अंकांपलीकडे संख्या नीट धरत नाही. एकोणीस १ टाइप करा, पेशीत राहतील पंधरा १ आणि पुढे चार शून्यं. ती संख्या सम झाली, आणि तुम्ही तिला मूळ आहे का विचारत बसलात. साध्या कॅल्क्युलेटरचंही हेच. सारख्या अंकांच्या संख्या पटकन लांब होतात, म्हणून या विषयात हा सापळा इतर कुठल्याही विषयापेक्षा लवकर लागतो. पायथॉन आणि पारी/जीपी कितीही लांब पूर्णांक अचूक धरतात.

प्रोग्राम अगदी छोटा आहे. न घ्या, मोजणी शून्यावर ठेवा. न ला दहाने गुणा, एक मिळवा, मोजणी एकाने वाढवा, मूळ आहे का विचारा. असेल तर मोजणी छापा, नसेल तर पुन्हा. त्यात एक मर्यादा घालायला विसरू नका, समजा हजार. तिथवर काही मिळालं नाही तर प्रोग्रामने प्रश्नचिन्ह छापून पुढच्या न कडे जावं. प्रश्नचिन्हं आलेल्या जागा मग वहीत घ्या आणि चौथी पायरी लावा.

"मूळ आहे" या उत्तराचेही दोन प्रकार असतात. पारीतलं इझप्राइम सिद्ध करून सांगतं. इझस्यूडोप्राइम ही झटपट चाचणी आहे. २ च्या ६४ व्या घातापर्यंत, म्हणजे साधारण एकोणीस-वीस अंकांपर्यंत, ती पक्की आहे. पुढे "बहुधा मूळ" एवढंच म्हणते. तिला फसवणारी संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, तरी नोंदीत फरक सांगावा लागतो. सिम्पायचं उत्तरही मोठ्या संख्यांना "बहुधा" याच अर्थाने घ्या. हा फरक किती मोठा असू शकतो? ४९०८१ वेळा १ लिहून होणारा रेपयुनिट बहुधा मूळ आहे हे हार्वे डब्नर यांनी १९९९ मध्ये दाखवलं. तो खरोखर मूळ आहे याची सिद्धता पॉल अंडरवुड यांनी २०२२ मध्ये दिली.

आपल्या १३६ साठी एवढी चिंता नको. १३८ अंकी संख्या पारी चुटकीसरशी सिद्ध करून देतं.

६. पाठवण्याआधी शोधा

ओईआयएसच्या शोधचौकटीत तुमची पाच-सहा पदं स्वल्पविराम देऊन टाका. दोन गोष्टी सांभाळा. पहिलं एखादं-दुसरं पद गाळा, कारण कुणी क्रमिका शून्यापासून सुरू करतं, कुणी एकापासून. आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाका. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला की काहीच सापडत नाही आणि माणूस उगाच आनंदून जातो.

सरावासाठी पहिला शोध १२१, १२३२१, १२३४३२१ असा करा. हे रेपयुनिटांचे वर्ग आहेत, आणि नोंदीच्या नावात तुम्हाला "डेम्लो" हा शब्द दिसेल. हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिक्षक. डोंबिवली स्टेशनवर ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनाच्या नावावरून डेम्लो. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर पोचलं, पण माझा जीव या डेम्लो संख्यांवर जास्त. त्यात नवख्यांसाठी एक इशाराही आहे. नऊ १ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, किती देखणा. दहा १ चा वर्ग? १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचे येऊ लागले आणि नक्षी मोडली. नऊ पदं एका नमुन्यात बसली म्हणून दहावं बसेलच असं समजू नका.

क्रमिका सापडली तर हिरमुसू नका. नोंद उघडा, पदं किती दिली आहेत ते बघा. शेऱ्यांच्या (कीवर्ड) ओळीत "मोर" असेल तर त्यांना आणखी पदं हवी आहेत. तिथे दोन पदं वाढवणं किंवा एखाद्या "सापडलं नाही" ची सिद्धता देणं, हे नव्या क्रमिकेइतकंच मोलाचं काम आहे. सुरुवात तिथूनच करा असं मी म्हणेन.

नाही सापडली, तर एकदा व्याख्या थोडी फिरवून पुन्हा शोधा. तुम्ही १ ची संख्या मोजत असाल, पण दुसऱ्या कुणी मिळालेली मूळ संख्याच नोंदली असेल. आपल्या उदाहरणाचं असंच आहे: १, २, १, १, ५ ही एक नोंद आणि ११, २११, ३१, ४१, ५१११११ ही दुसरी.

७. नोंद भरणं

नाव: एका वाक्यात पूर्ण व्याख्या. कौतुकाची विशेषणं नकोत, स्वतःचं नाव क्रमिकेला देणं तर अजिबात नको.

पदं: स्वल्पविरामांसह साधारण २६० अक्षरं भरतील इतकी. आपल्यासारख्या छोट्या पदांच्या क्रमिकेत म्हणजे बरीच पदं झाली. सलग हवीत. मधलं एक पद माहीत नसेल तर त्याच्या आधी थांबायचं, पुढची कितीही माहीत असोत.

ऑफसेट: पहिलं पद कुठल्या न साठी आहे तो आकडा. आपल्या उदाहरणात १. नवख्यांचे फॉर्म इथेच जास्त परत येतात.

शेरे: आपल्या विषयात "बेस" हा शेरा जवळपास नेहमी लागतो, कारण अंक दशमान पद्धतीतले आहेत, द्विमान पद्धतीत लिहिलं तर सारं चित्र बदलतं. सगळी पदं शून्य किंवा धन असतील तर "नॉन". वजा एक आलं असेल तर तो शेरा चालणार नाही, "साइन" द्यावा लागतो.

टिप्पणी: तुमची सिद्धता इथे. ३७ चं चार ओळींतलं कारण हा टिप्पणीचा उत्तम नमुना आहे.

प्रोग्राम: पारीचा एक-दोन ओळींचा पुरेसा.

एका वेळी एकच मसुदा पाठवा. पाच क्रमिका एकदम टाकल्या की संपादक पाचही बारकाईने बघतील ही अपेक्षा धरू नका.

८. संपादकांचे प्रश्न

ए आणि सहा आकडे असा क्रमांक मसुद्याच्या वेळीच मिळतो. तो मिळाला म्हणजे नोंद मंजूर झाली असं नाही. मसुदा नाकारला तर तो क्रमांक दुसऱ्या क्रमिकेला जातो. तेव्हा स्टेटसला टाकायची घाई नको.

संपादक स्वयंसेवक आहेत, तऱ्हेतऱ्हेच्या देशांतले. त्यांची भाषा तुटक वाटते. "हे का मनोरंजक आहे?" असं कुणी विचारलं तर तो टोमणा नसतो. उत्तरात भावना नको, गणित द्या: कुठल्या नोंदीशी संबंध आहे, कुठलं पद अनपेक्षित आहे, कुठे सिद्धता आहे. नाव बदलायला सांगितलं तर बदला. पद चुकलंय म्हणाले तर आधी ऑफसेट तपासा, मग प्रोग्राम. उत्तर न देता आठवडे घालवलेत तर मसुदा मागे पडतो, म्हणून पाठवल्यावर रोज एकदा खातं उघडून बघा.

मंजुरीनंतर हजारो पदांची वेगळी यादी जोडता येते. तिला बी-फाइल म्हणतात: साध्या मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीत आधी न, मग एक जागा सोडून पद. फाइलचं नाव बी आणि क्रमांकाचे तेच सहा आकडे. नोटपॅडमध्ये होते, वर्डमध्ये करू नका.